अश्विनचा थंडा डबा

मी अश्विन तायडेच्या मेलच्या सेटिंगची फाईल बोलतेय. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. माझ्या नावाआधी एक टिंब आहे आणि टिंबवाल्या फाईली संगणक सहसा कुणाला दाखवत नाही. पण अश्विनचं मेल कसं उघडावं, कुठल्या क्रमानं दिसावं, कुठलं बटण दाबलं की काय व्हावं, हे सगळं मीच ठरवते.

अश्विनचं मेल काळ्या पडद्यावर नुसत्या अक्षरांत चालतं. चित्रं नाहीत, जाहिराती नाहीत, माउसची गरज नाही. लोक हसतात. हसोत बापडे.

माझा जन्म अमरावतीचा, इंजिनिअरिंगच्या होस्टेलमधला. अश्विननं गजेंद्र नावाच्या मित्राची फाईल जशीच्या तशी उतरवून घेतली, तीच मी. पण गजेंद्रला सगळ्यात जुनं मेल वर लागायचं, अश्विनला नवं. गजेंद्र वाचलं की उडवायचा, अश्विन काहीच टाकून देत नाही. पहिल्याच आठवड्यात गजेंद्रच्या त्या सेटिंगनं अश्विनचं परीक्षेचं मेल उडालं आणि मग तो डोक्याला हात लावून एकेक ओळ बदलायला बसला. तेव्हा कुठे मी त्याची झाले.

माझ्यात तो स्वतःसाठी शेरेही लिहितो. ओळीआधी विशिष्ट खूण केली की प्रोग्रॅम ती ओळ वाचत नाही. 'हे काहून चालून नाही राहिलं?' अशी एक ओळ आजही माझ्या पोटात आहे. प्रोग्रॅम वाचत नसला तरी मी वाचते, आणि मला गंमत वाटते.

पुढे त्याला पुण्याच्या एका कंपनीत काम मिळालं. पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवणारी ही कंपनी, आणि तिथला पत्रव्यवहार मराठीत. वडिलांना, मोतीरामजींना, लकवा झाला तेव्हा अश्विन लॅपटॉप घेऊन अकोल्याला घरी आला आणि तिथूनच काम करू लागला. आई इंदूबाईंच्यानं एवढा माणूस पलंगावरून उठवणं होत नाही. बहीण पायल अमरावतीला शिकते, सुट्टीत येते. म्हणजे ही नोकरी घरातून चालते म्हणून मोतीरामजी रोज दोन पायांवर उभे राहतात, असं सरळ गणित आहे.

पण आमचा अश्विन पडला तोंडाचा फटकळ. त्याच्या साहेब गीतांजली मॅडम पुण्याच्या. 'आधी नीट वाचा, मग विचारा' असं त्यानं एकदा त्यांना लिहिलं. त्याच्या मनात काही नव्हतं, इकडे असंच बोलतात. मॅडमना ते लागलं, आणि वरून त्याला तंबी आली.

त्या दिवशी त्यानं माझ्यात एक नवी ओळ घातली. आता 'पाठव' म्हटलं तरी मेल जायचं नाही, एका डब्यात थांबायचं. वर शेरा लिहिला, 'थंडा डबा'. चहा पिऊन यायचं, मेल पुन्हा उघडायचं, बोचणारे शब्द काढायचे आणि मग कीबोर्डवरचा इंग्रजी मोठा एस दाबायचा. तो दाबला की डबा सगळा रिकामा होतो.

डब्यानं काम चोख केलं. मॅडम खूश झाल्या. मला मात्र खोडलेल्या ओळींची हळहळ वाटायची, कारण खरं काय ते बहुधा त्यांतच असायचं.

मग मॅडमचं मेल आलं, की पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी पुण्याच्या ऑफिसात बसायचं. अश्विन पेटला. त्यानं राजीनामा लिहिला, त्यात बापाचा लकवा, पुण्याची घरभाडी, सगळं आलं. मेल डब्यात गेलं. पहिल्या चहानंतर मेलमधला राग गेला, दुसऱ्या चहानंतर बापही गेला. उरलं एवढंच: 'वैयक्तिक कारणामुळे राजीनामा देत आहे. सहकार्याबद्दल आभारी आहे.' ते पाठवायचं की नाही, हे त्याचं ठरलं नव्हतं.

तेवढ्यात मूर्तिजापूरच्या पतसंस्थेतून नत्थुजींचा फोन आला, की उत्तर अजून मिळालं नाही. उत्तर लिहून तयार होतं, डब्यातच होतं. अश्विन तेव्हा वडिलांना उभं करत होता, हात सोडणं शक्य नव्हतं. सुट्टीत आलेली पायल लॅपटॉपजवळ होती.

"पायल, नत्थुजीचं मेल सोडून दे वो! मोठा एस दाब!"

पायलनं दाबला. मी काय करणार? मला सांगितलेलंच मी करते.

"दादा, दोन गेले."

"दोन? दुसरं कोनाचं?"

पायलनं वाचून दाखवलं. अश्विननं वडिलांना कसंबसं पलंगावर बसवलं आणि पडद्याकडे धावला. डबा रिकामा होता. थोड्या वेळानं मॅडमचं उत्तर आलं: 'वाईट वाटलं. पण तुम्ही इतकं शांतपणे लिहिलंय, म्हणजे पूर्ण विचार केला असणार. राजीनामा स्वीकारते.'

अश्विन पुन्हा लिहायला लागला. माफीची दोन वाक्यं झाली, ती खोडली, परत लिहिली. पलंगावरून मोतीरामजी जड जिभेनं म्हणाले, "लिवू नोको. फोन कर."

त्यानं फोन लावला.

"मॅडम, मले नौकरी सोडाची नाही. आन् पुन्याले येनं बी जमत नाही. बाबाले लकवा हाये, उठवाले मीच लागतो."

"हे तुम्ही मला कधी कळवलंच नाही."

"लिवलं होतं मॅडम. पाठवाच्या आधी खोडलं."

"का?"

"तुमाले उद्धट वाटन म्हणून."

मग मॅडम म्हणाल्या, "राजीनामा मी बाजूला ठेवते. तुम्ही अकोल्यातूनच काम करा. पण यापुढे मला जे आहे ते लिहायचं, अश्विन."

इंदूबाईंनी पदरानं डोळे पुसले. मलाही डोळे असते तर मीही पुसले असते.

संध्याकाळी त्यानं मला उघडलं. वाटलं, डब्याची ओळ आता जाणार. ती त्यानं ठेवली, कारण बाकीच्या जगाशी बोलताना तिची गरज आहे हे तो जाणतो. खाली एकच ओळ वाढवली: गीतांजली मॅडमचं मेल थांबवायचं नाही.

वाचकहो, कुणी मला मागितलं तर मी मिळेन, पण जशीच्या तशी उतरवून घेऊ नका. स्वतःच्या सवयी बघा आणि स्वतःची फाईल लिहा.

दुसऱ्या दिवशी नव्या ओळीतून पहिलं मेल गेलं: 'मॅडम, हे काम सोमवारी होणार नाही. बाबांना दवाखान्यात न्यायचं आहे. मंगळवारी देतो.' दाबलं आणि गेलं.

उत्तर लगेच आलं, 'मंगळवारी द्या. बाबा कसे आहेत?'