खुंटीवरचा शिशाचा पट्टा

आमच्या एक्स-रेच्या खोलीत खुंटीला एक शिशाचा पट्टा लटकतो. तो दिसला की माझं डोकंच फिरतं. किरण अडवायला म्हणून पेशंटच्या ओटीपोटावर हा पट्टा ठेवून काही फायदा नाही, उलट नको तिथे आडवा येतो, असं संशोधन सांगतंय. त्यावरचा लेख मी दारावर चिकटवला, सगळ्यांना वाचून दाखवला. आमचे दादा, म्हणजे सगळ्यात जुने टेक्निशियन, मान डोलावून "बरोबर आहे गं" म्हणाले. आणि पुढच्याच पेशंटला पट्टा ठेवला! विचारलं तर म्हणतात, "आईबापांना बरं वाटतं. आपलं काय जातं?"

त्या दिवशी जेवून परत आले, तर बाहेर बाकावर माझी वहिनी आणि भाची टिल्ली. आईच्या खांद्याला लागली, तरी नाव टिल्लीच. बरेच दिवस लंगडत होती. खुब्यातलं हाड जागचं सरकतंय की काय, अशी डॉक्टरांना शंका होती. तसं असेल तर एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही, नाहीतर पाय जन्माचा अधू. दादांनी फोटो काढून ठेवला होता. स्क्रीनवर बघते तर काय, नेमका दुखऱ्या खुब्यावर पांढराफटक डाग! पोरगी कळ येऊन हलली होती आणि पट्टा घसरला होता.

"वहिनींनीच मागितला गं," दादा म्हणाले.

"परत काढावा लागेल," मी वहिनीला सांगितलं. "बिनपट्ट्याचा."

वहिनी उसळली. "मुळीच नाही! उद्या तिला मूलबाळ झालं नाही तर?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिला रडूच फुटलं. टिल्ली व्हावी म्हणून तिने किती दवाखाने पालथे घातले, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. राग गिळला आणि समजावलं, "मशीन आता अगदी थोडे किरण वापरतं. जे अंगातल्या अंगात पसरतात, ते वरचा पट्टा कसा अडवणार? तपासून बघितलंय गं लोकांनी."

"कागदावरच्या पोरी आणि माझी पोर एकच का, ताई?"

मी तिला हाताला धरून स्क्रीनपुढे आणलं. "हा डाग बघ. याच्याखाली तिचा खुबा आहे. मला दिसत नाही, डॉक्टरांनाही दिसणार नाही. अशीच चालवत घरी नेशील?"

ती स्क्रीनकडून माझ्याकडे वळली. "तुमची मुलगी असती तर?"

"मग माझी कोण आहे ती?" मी जवळजवळ ओरडलेच.

वहिनीने डोळे पुसले. "काढा."

फोटो स्वच्छ आला. हाड सरकलं होतं, पण थोडंच. डॉक्टर म्हणाले, वेळेत सापडलं, हाडात एक स्क्रू बसवून भागेल. टिल्लीला लगेच चाकाच्या खुर्चीत बसवलं. "आत्या, जोरात ढकल ना," म्हणते कार्टी! दादा तोंड पाडून उभे होते. "तशीच चालत घरी गेली असती गं," एवढंच पुटपुटले. त्यांना खूप सुनावायचं ठरवलं होतं मी, पण नुसता पट्टा उचलून खुंटीला अडकवला.

पुढचा नंबर एका आजींच्या नातीचा होता. आजी दारातूनच म्हणाल्या, "आधी तो पट्टा ठेवा हं तिच्यावर." सवयीने दादांचा हात खुंटीकडे गेला.

"नका मागू, आजी," बाहेरून वहिनीचा आवाज आला. "मी मागितला होता."

दादांचा हात तसाच खाली आला.