उपचार सोडण्याचे कारण

मोरखळ्याचा सरकारी दवाखाना कामशेतहून पवनेच्या अंगाला जाणाऱ्या रस्त्यावर, सहा मैल आत होता. दोन खोल्या आणि पुढे पडवी. डॉक्टर आठवड्यातून एकदा, बुधवारी यायचे. बाकीचे दिवस नर्स रतनबाई शेलार आणि शिपाई नथू, एवढीच माणसं. क्षयाच्या रोग्यांना सुई मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी आठ ते अकरा. अकरा वाजले की रतनबाई औषधांच्या कपाटाला कुलूप लावायची, कारण त्यानंतर बाळंतिणी, विंचू चावलेले, ताप, खोकले, सगळ्या मावळाची रांग तिच्यासमोर बसायची.

सहासष्ट सालच्या मार्गशीर्षात भातं झोडून झाली तेव्हा पुण्याहून डॉ. सरपोतदार आले. तुंगार्लीला कुणाच्या तरी बंगल्यात उतरले होते. रोज सकाळी जीप घेऊन यायचे. क्षयाचे रोगी औषध अर्ध्यावर का टाकतात आणि टाकल्यावर कसे जगतात, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. त्यांच्याकडे दोन तऱ्हेचे छापील फॉर्म होते. पांढरे रोग्यांसाठी, पिवळे दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठी.

पिवळा फॉर्म त्यांनी पहिल्याच दिवशी रतनबाईसमोर ठेवला.

"क्षयाच्या रोग्याजवळ बसायची भीती वाटते का, सिस्टर?"

"नाही."

"रोग्यांशी बोलताना आवाज चढतो?"

"कामाच्या गर्दीत कुणाचा चढत नाही, डॉक्टर?"

ते हसले आणि 'क्वचित' या शब्दापुढे खूण केली.

"रोगी औषध का सोडतात, तुम्हाला काय वाटतं?"

"अडाणीपणा," रतनबाई म्हणाली. "दुसरं काय? जरा बरं वाटलं की येत नाहीत."

भीतीबद्दल ती खोटं बोलली होती. तिची धाकटी बहीण झुंबर एकोणिसाव्या वर्षी याच रोगाने गेली होती. वडलांनी तिला मागच्या खोलीत ठेवलं होतं आणि गावात कळू दिलं नव्हतं, कारण थोरलीचं लग्न व्हायचं होतं. ती थोरली म्हणजे रतनबाई. दवाखान्यात कुणी खोकलं की आजही तिचा हात नाक झाकायला पदराकडे जायचा. अंघोळीला ती दोनदा साबण लावायची. हे तिने कधी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

रजिस्टरात सतरा जणांच्या नावांवर तांबडी रेघ होती. उपचार सोडले. खालच्या गावांतले रोगी डॉक्टरांनी जीपमधून फिरून गाठले. डोंगरातल्या ठाकरवाड्यांना जीप जात नव्हती आणि त्यांचा मदतनीस पोट बिघडून पुण्याला परतला होता. तेव्हा चार पांढरे फॉर्म त्यांनी रतनबाईच्या हातात दिले.

"प्रश्न जसाच्या तसा वाचायचा," ते म्हणाले. "उत्तर जसंच्या तसं लिहायचं. मधे तुमचं काही नको."

दुसऱ्या दिवशी ती आणि नथू निघाले. नथू पन्नाशीचा, त्याच अंगाच्या वाडीचा. वाट त्याच्या पायाखालची. पहिल्या तीन घरांत दुपार झाली. एक रोगी खंडाळ्याला हॉटेलात भांडी घासायला गेला होता, एक बाई बरी दिसत होती, एक जण गेल्या दिवाळीतच मेला होता. शेवटचं नाव बुधा मेंगाळ, वाडी उंबरदांड. नाव वाचून रतनबाईला कुठलाच चेहरा आठवेना.

घरापुढे एक बाई सुपात नाचणी पाखडत होती. रतनबाईला बघून तिचे हात थांबले.

"गंगे, बुधा कुटं हाय?" नथूने विचारलं.

तिने नुसती मान वळवून घरामागे दाखवलं.

मागे कारवीच्या कुडाची एक खोप होती, जेमतेम एक माणूस आडवा होईल एवढी. आत बुधा भिंतीला टेकून बसला होता. वय चाळिशीच्या आतबाहेर असेल, पण खांद्याची हाडं सदऱ्यातून वर आली होती. शेजारी त्याचं वेगळं गाडगं, वेगळी थाळी, राखेने अर्धा भरलेला डबा. रतनबाईला बघून त्याने उठायची धडपड केली आणि त्याला खोकला आला. तो थांबेपर्यंत ती दाराबाहेर उभी राहिली. मग बाहेरच दगडावर बसली आणि फॉर्म मांडीवर घेतला.

"स्वतः उठून पाणी घेता येतं का?"

"घोटभर येतं."

"रात्री झोप लागते का?"

"बसून लागती. आडवं झालं की गुदमारतं."

"काम करता येतं का? शेतात, घरात?"

बुधाने आपले तळवे उघडून बघितले. "पोरीची येणी घालतो कवा कवा. तीबी आता जवळ येऊ देत न्हाई मी."

"घरची माणसं एकत्र जेवायला बसू देतात का?"

"त्ये देत्यात. मीच न्हाई बसत."

"मागच्या महिन्यात कुणी भेटायला आलं होतं?"

"तुमीच आलात, बाई."

हे तो मनापासून म्हणाला. रतनबाईने 'कोणी नाही' असं लिहिलं, मग खोडून 'नर्स' लिहिलं. पुढचा प्रश्न शेवटचा होता. उपचार सोडण्याचे कारण. खाली छापलेलं होतं: अज्ञान, अंतर, बरे वाटले, औषधाचा त्रास, इतर.

"सुई घ्यायला यायचं का सोडलंस?"

बुधाने राखेचा डबा जवळ ओढला. मग म्हणाला, "चुकी माजीच. उशीर झाला मला."

"खरं सांगा की," मागून आवाज आला. गंगी सूप हातात घेऊन कधी येऊन उभी राहिली होती ते कळलं नव्हतं. "बाई लिवत्यात न्हवं? मग खरं लिवू द्या त्यास्नी."

"गप ग."

"का गप?" ती रतनबाईकडे वळली. "श्रावणात सुक्कीरवारी आलतो आमी. वढ्याला पानी लय होतं. उतरंस्तवर थांबलो, मग ह्यांना पाठीवर घेऊन पल्याड आनलं. तुमच्यात पोचलो तर बारा वाजून गेलते. तुमी कपाट लावलंतं."

"नियम आहे तो," रतनबाई म्हणाली.

"आसंल. ह्यांना पडवीतच उबळ आली, रगत पडलं फरशीवर. तुमी आतून आलात अन म्हनालात, वेळेवर यायचं न्हाई तर वर डोंगरातच मर, हितं थुंकून माजा दवाखाना घान करू नको."

रतनबाईच्या हातातलं पेन थांबलं.

"मी म्हनले फडकं द्या, पुसते. तुमी म्हनालात, लुगडं हाय की अंगावर. मंग मी पदरानं पुसलं. समदी मान्सं बघत होती. ह्ये तवापास्नं खाली उतरलं न्हाईत. मी म्हनले, जाऊ परत, बाई रागाच्या भरात बोलल्या. तर म्हनले, न्हाई, आपल्यापायी त्यांची जागा इटाळती."

"मला आठवत नाही," रतनबाई म्हणाली. ते खरंच होतं. श्रावणातले शुक्रवार ती डोळ्यांपुढे आणत होती. ओली पडवी, कांबळी पांघरलेली माणसं, खोकण्याचे आवाज. त्यांत हा माणूस नव्हता, ही बाई नव्हती. काहीच नव्हतं.

"आमाला आठवतंय," गंगी म्हणाली आणि सूप घेऊन पुढच्या अंगाला निघून गेली.

बुधा खाली बघत म्हणाला, "ती बोलती तसं लिवू नका, बाई. तुमची नोकरी हाय."

ती दोघं उतरायला लागली. कारवीच्या रानातून वाट मोकळ्या सड्यावर, उघड्या कातळावर आली तेव्हा रतनबाई थांबली.

"नथूभाऊ, ती सांगते ते खरं का?"

"व्हय, बाई. मी होतो तितं."

"मग मला कधी बोलला का नाहीत?"

नथूने टोपी काढून डोकं पुसलं. "कशाकशाचं बोलायचं? तुमी रोज कुनाला न कुनाला तसंच बोलायचात. मला वाटलं तुमचं तुमाला म्हाईत आसंल."

ती तिथेच खाली बसली. फॉर्म काढला आणि 'इतर' या शब्दापुढे लिहायला लागली. तारीख माहीत नव्हती म्हणून 'श्रावणातील शुक्रवार' लिहिलं. गंगी बोलली ते सगळं, तिच्याच शब्दांत. जागा पुरेना म्हणून समासातही लिहिलं. आणि शेवटी, 'सदर नर्स मीच. रतनबाई शेलार.'

डॉ. सरपोतदारांनी दुसऱ्या दिवशी तो फॉर्म उभ्याउभ्या वाचला, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचला.

"तुम्ही प्रामाणिक आहात, सिस्टर. असं कुणी लिहीत नाही."

रतनबाई टेबलापुढे उभीच होती.

"पण हा फॉर्म मला धरता येणार नाही. मुलाखत घेणारी व्यक्तीच जर कारण असेल, तर ती मुलाखत बाद होते. शास्त्राचा नियम आहे तो."

"मग दुसऱ्या कुणाला पाठवून विचारा. तुम्ही जा. नथूभाऊ वाट दाखवतील."

"सोमवारी मला पुण्यात आकडे द्यायचे आहेत. आणि एका फॉर्मने निष्कर्ष बदलत नाही हो."

"आणि माझा पिवळा? त्यात मी खोटं सांगितलंय. भीती वाटते मला. पहिल्यापासून वाटते."

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. "सगळेच तसं सांगतात, सिस्टर. एकाहत्तर नर्सेसना विचारलं, भीती वाटते म्हणणारी एकही नाही. आम्ही ते धरूनच चालतो." त्यांनी बुधाचा फॉर्म वेगळ्या पाकिटात घातला आणि बाकीचे तीन गठ्ठ्यात लावले. सोमवारी तुंगार्लीचा बंगला रिकामा झाला.

त्या मंगळवारपासून रतनबाई दवाखान्यातलं काम आटोपलं की स्टोव्हवर सुया उकळून, डबा पिशवीत घालून उंबरदांड चढायला लागली. मंगळवारी आणि शुक्रवारी. बुधा मुकाट्याने दंड पुढे करायचा. पहिल्या दोन खेपांना ती दारातूनच आत वाकली. तिसऱ्या खेपेला आत जाऊन बसली. त्याला खोकला आला तेव्हा तिचा हात पदराकडे गेला, पण तिने पदर नाकाला लावला नाही, नुसता मुठीत धरून ठेवला. गंगी त्या वेळी घरापुढे असायची. सुपाचा, जात्याचा, लाकूड फोडण्याचा आवाज यायचा, पण ती मागे आली नाही.

पौषाच्या अखेरीस बुधाच्या थुंकीत जंतू होते तसेच निघाले. बुधवारच्या डॉक्टरांनी कागद बघून मान हलवली. औषध मधे तुटलं की जंतू निर्ढावतात, म्हणाले. आता पुण्याच्या इस्पितळात खाट मिळाली तर बघा. तिने अर्ज केला. खाटेला तीन महिने लागतील असं उत्तर आलं.

"ऱ्हाऊ द्या, बाई," बुधा म्हणाला. "पुन्यात मेलो तर मला हितं आनायचं कुनी?"

"मरायचं बोलू नकोस."

"त्ये तुमीच बोललाता की," तो म्हणाला. कुत्सितपणे नव्हे, सहज, आठवलं म्हणून. आणि मग तिचा चेहरा बघून स्वतःच ओशाळला. "आसंच आलं तोंडात. मनावर घिऊ नका."

फाल्गुनात, होळीच्या आधीच्या मंगळवारी, ती वर पोचली तेव्हा वाडीतले पुरुष बांबू तोडत होते. घरापुढे बाया बसल्या होत्या. कुणी तिला बस म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. ती पिशवी घेऊन उन्हात उभी राहिली. शेवटी गंगी उठून तिच्याजवळ आली. डोळे कोरडे होते.

"आज सुई नको," ती म्हणाली.

बुधाला नेईपर्यंत रतनबाई थांबली. मग एकटीच खाली उतरली.

वैशाखात नथूने सांगितलं की गंगीला ताप येतोय, खोकला हाय. त्याच्याबरोबर रतनबाईने थुंकीसाठी डबी पाठवली. थुंकीत जंतू निघाले. रतनबाईने निरोप धाडला की मी वर येते. उलट निरोप आला, नको, मी येईन. आणि ती आली. उजाडायच्या आत निघून, आठच्या आधी पडवीत येऊन बसायची. दंड उघडा करायची आणि तोंड पलीकडे फिरवायची. विचारलं तेवढ्याचं उत्तर. व्हय. न्हाई. भूक हाय. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असलं की तीही बाराला, एकला पोचायची. कपाट उघडंच असायचं. आता ते कुणासाठीच अकराला बंद होत नव्हतं. रतनबाईचा आवाज मात्र अजून चढायचा. गर्दीत, थकव्यात, एकदम चढायचा आणि मग ती मधेच थांबायची, समोरच्या माणसाकडे बघायची. कधी माफी मागायची. कधी मागायचं राहून जायचं.

सरपोतदारांचा अहवाल पुढच्या वर्षी टपालाने आला. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक. मोरखळा विभागात सोळा रोगी मोजले होते. अज्ञान नऊ, अंतर चार, बरे वाटले दोन, त्रास एक. कर्मचाऱ्यांचा दृष्टिकोन समाधानकारक. नथूला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने त्याला तेवढं पान वाचून दाखवलं.

"बुधाचं?" त्याने विचारलं.

"नाही."

गंगीचं औषध दीड वर्ष चाललं. एकही दिवस तिने चुकवला नाही. तीन वेळा थुंकी तपासली, तिन्ही वेळा स्वच्छ निघाली. त्या शुक्रवारी रतनबाईने तिला खुर्चीत बसवलं आणि कागद दाखवला.

"गंगे, तू बरी झालीस. पूर्ण बरी."

गंगीने कागद बघितला, वाचता येत नव्हता तरी नीट बघितला.

"मंग आता हितं यायला नको?"

"नको."

रतनबाईला आणखी बोलायचं होतं. दीड वर्ष ती शब्द जुळवत होती. "गंगे, बुधाचं जे झालं ते—"

"ऱ्हाऊ द्या," गंगी म्हणाली. आवाज चढा नव्हता. "तुमी बोललात तर तुमाला हलकं वाटंल. मला न्हाई वाटायचं."

ती उठली. पडवीत तिची पोर हिरा बसली होती, आता चांगली उंच झालेली. दोघी पायऱ्या उतरून कामशेतच्या बाजाराकडे निघाल्या. रतनबाईने कागद घडी करून गंगीच्या नावाच्या पाकिटात घातला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला आत बोलावलं.