जस्ताची लव

"पंखे बंद कर, इल्वा. आत्ताच्या आत्ता."

रॅग्नवाल्ड गुडघ्यांवर बसला होता. रबरी वाट्यांच्या पकडीने फरशी त्याने जेमतेम वीतभर उचलली होती. खालच्या पोकळीतला गार वारा तोंडावर येत होता. त्याने बॅटरी आडवी धरली. फरशीच्या जस्त चढवलेल्या पाठीवर बारीक लव चमकली. श्वास रोखून त्याने फरशी परत जागेवर टेकवली.

"वेड लागलंय का तुला?" इल्वा या डेटा सेंटरची प्रमुख. "दहा मिनिटांत भट्टी होईल इथं. चार इस्पितळं चालतात या यंत्रांवर."

"जस्ताला केस फुटलेत. जुन्या फरश्यांना फुटतात कधीकधी. फरशी हलली की तुटतात, वाऱ्याबरोबर यंत्रात शिरतात, आणि मग वीज नको त्या वाटेनं धावते."

"मग हळू उचल. नऊशे फरश्या बदलायच्यात, आणि वरच्यांनी तीनच आठवडे दिलेत. आयुष्यभर हेच करत आलास ना?"

करत आला होता. एकतीस वर्षं. यंत्रं चालू ठेवून हॉलमधल्या फरश्या बदलायच्या म्हटलं की सुंडस्वाल शहरापासून वर उत्तरेत कुठूनही त्यालाच बोलावणं येई. रॅग्नवाल्ड काम करून गेला तरी दिवासुद्धा मिणमिणत नाही, असं लोक म्हणत. ते कानावर आलं की तो कॉफीचा कप उचलून दुसऱ्या टेबलावर जाई.

यंत्रांच्या तिसऱ्या रांगेत एक तांबडा दिवा लागला.

दोघांनी तिकडे पाहिलं. मग शेजारचाही लागला.

"एकच तर उचललीस," इल्वा पुटपुटली.

"अकरा वर्षांपूर्वी साठ उचलल्या होत्या," रॅग्नवाल्ड म्हणाला. तो अजून गुडघ्यांवरच होता. "उत्तरेकडच्या एका गावात. रुग्णवाहिका कुठं धाडायच्या ते सांगणारी यंत्रं होती. लव मला दिसली होती. फडक्यानं पुसली नि काम रेटलं. दुपारी संगणकांचे सगळे पडदे काळे. चाळीस मिनिटं."

"तो विजेचा बिघाड होता. वाचलंय मी."

"तसं लिहिलं त्यांनी. मला कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही."

इल्वाने खिशातून फोन काढला. "मला कशाला सांगितलंस? आता वर कळवावं लागेल. तुझ्या नावासकट."

"नुसती लव म्हणालीस तर म्हणतील, म्हातारा घाबरला. माझं नाव नि ती चाळीस मिनिटं घातलीस तर थांबतील."

तिसरा दिवा लागला तेव्हा ती फोनवर ओरडत होती. दुपारपर्यंत इस्पितळांचं काम दुसऱ्या शहरातल्या यंत्रांवर हलवलं गेलं आणि हॉल बंद झाला. इस्पितळांत काही अडलं नाही. दाराशी पहारेकऱ्याने रॅग्नवाल्डचं ओळखपत्र मागून घेतलं. त्याने ते गळ्यातून काढून दिलं.

पुढच्या खोलीत इल्वा अहवाल लिहायला बसली होती. त्याला समोर बसवून तिने सगळं पुन्हा विचारलं. शेवटी तिने कागदावरून मान वर केली.

"त्या चाळीस मिनिटांत कुणाचं काही…?"

"एक बाई गेली. नवरा फोन लावत राहिला होता."

"नाव माहीत आहे?"

त्याने ते पेपरात वाचलं होतं. घरीसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं.

"एब्बा नूरलिंग."

"कसं लिहायचं?"

त्याने तिच्या हातातलं पेन घेतलं. एकेक अक्षर सुटं, सावकाश काढलं आणि खाली सही केली.