दुसरी पिशवी

"तुम्ही सगळे अमेरिकन लोक इथे मरायलाच येता का हो?"

प्रश्न माझा नव्हता, माझ्या मैत्रिणीचा, इत्सेलचा होता. विचारायची पैज मात्र माझ्यावर लागली होती, आणि त्या दिवसांत मला कोणी काहीही करून दाखव म्हणावं, मी करून दाखवत होते. नुकतीच शाळेच्या वादविवादात पहिली आले होते, तेही स्पॅनिशमधून, इत्सेलसकट सगळ्या मेक्सिकन पोरींना मागे टाकून. अंगात नुसतं वारं शिरलं होतं. त्यामुळे मी सरळ चौकातल्या कॅफेत गेले, बुधवारच्या टेबलाशी उभी राहिले आणि खणखणीत आवाजात विचारून टाकलं. मागे खांबाआड इत्सेल दप्तरात तोंड खुपसून हसत होती.

बुधवारचं टेबल म्हणजे मेक्सिकोतल्या आमच्या अहिहिक गावातल्या म्हाताऱ्या अमेरिकनांचं टेबल. तशी मीही अमेरिकनच, पण सहा वर्षांची असल्यापासून या तळ्याकाठी वाढलेली, त्यामुळे ते मला अर्धीच धरतात. क्षणभर कोणाचा चमचा हलला नाही. मिस ओपलनी, ज्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि कुठल्याही शांततेला घाबरतात, "अगं बाई!" म्हणून हॅट सरळ केली. टेबलाच्या टोकाला मिस्टर स्ट्राउड बसले होते. त्यांनी लिंबू पिळता पिळता माझ्याकडे पाहिलं.

"मरायला कशाला एवढं लांब यायचं, मागची सीट? ते ओहायोतही जमलं असतं. आम्ही इथे येतो ते आजारी पडायला. तिथे आजारी पडणं परवडत नाही."

टेबल खो खो हसलं. मी पैज जिंकले, इत्सेलकडून आंब्याचं आइस्क्रीम वसूल केलं, आणि ते उत्तर आख्ख्या वर्गाला नक्कल करून दाखवलं.

मागची सीट म्हणजे मी. वर्लिन स्ट्राउड यांनी तीस वर्षं ओहायोत शाळेची बस चालवली होती, आणि बडबडी पोरं मागेच बसतात असा त्यांचा अनुभव होता. बायकोच्या आजारपणात आधी घर गेलं, मग बायको. ते हे नेहमी याच क्रमाने सांगायचे. त्यानंतर एका बॅगेनिशी ते इथे आले. गावात कोणी नवं अमेरिकन जोडपं आलं की त्याला बुधवारच्या टेबलावर आणून बसवत, कारण कुठल्या दुखण्याला तिथे काय पडतं आणि इथे काय, हे मिस्टर स्ट्राउडना तोंडपाठ होतं. ते आकडे सांगायचे नाहीत. त्यांचा हिशेब गाड्यांचा.

"दाताची कॅप? तिथे मोटारसायकल, इथे सायकलची ट्यूब. मोतीबिंदू? तिथे बरी मोटार, इथे सायकल. गुडघा? तिथे बस, इथे मोटारसायकल. खुबा?" इथे ते थोडं थांबायचे. "खुबा म्हणजे तिथे नवीकोरी बस, एसीवाली. इथे जुनी पिकअप." आणि मग खिशावर हात मारून, "माझी पिकअप मी बाजूला काढून ठेवलीय. खुबा मोडला तरी मी कोणाच्या दारात जाणार नाही."

नवी माणसं हे ऐकताना आधी हसायची, मग त्यांचे डोळे ओले व्हायचे. आमच्या घरात त्या हसण्याचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. बाबा रोज इन्शुलिन टोचून घेतात. तिकडे असताना ते एक कुपी दोन महिने पुरवायचे, आणि त्या महिन्यांत त्यांची नजर कशी व्हायची हे आईने एकदाच सांगितलंय. आम्ही त्या सुईपायी इथे आलो.

एका दुपारी शाळेतून येताना मला आणि इत्सेलला मिस्टर स्ट्राउड गल्लीत आडवे दिसले. आमच्या गल्ल्या दगडगोट्यांच्या, पाय मुरगळायला निमित्त लागत नाही. शेजारी पपई फुटून पडली होती. पाय विचित्र वळला होता आणि चेहरा मेणासारखा झाला होता, तरी मला बघताच ते म्हणाले, "खुबा. जुनी पिकअप. पैसे तयार आहेत, घाबरू नकोस."

घाबरलेले तेच होते. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता की बोटांचे वळ राहिले.

शहरातलं इस्पितळ तासाभरावर. पैसे भरले गेले, खोली मिळाली, आणि आत खूप रक्तस्राव झाला म्हणून आल्या रात्रीच त्यांना दोन पिशव्या रक्त चढवलं गेलं. सकाळी डॉक्टरीणबाईंनी मिस ओपलना बाजूला घेतलं. दुभाषी मी.

"ऑपरेशनची तारीख देते. आधी दोन रक्तदाते पाठवा. काल दिलेल्या पिशव्या भरून निघाल्या की लगेच."

"पैसे भरलेत ना सगळे?" मिस ओपल.

"रक्त पैशानं नाही मिळत बाई. माणसं पाठवा."

गावातलं प्रत्येक शेंबडं पोर हे जाणतं. कोणाच्या घरी ऑपरेशन निघालं की आधी रक्ताची माणसं गोळा करतात, डॉक्टर नंतर ठरतो. आमच्या लोकांनी मात्र इतकी वर्षं सगळ्याचे दर विचारले, हे कधी विचारलंच नाही.

बुधवारचं टेबल दुसऱ्या दिवशी पहाटे, उपाशीपोटी, आख्खंच्या आख्खं रक्तपेढीत हजर झालं. समोरच्या बाकांवर कोणा आजीच्या पित्ताशयासाठी आलेलं खानदान पसरलं होतं. जावई, भाचे, शेजारी, सगळे दंडावर कापूस दाबून सँडविच खात होते. आमच्याकडच्या बाकावर हॅट घातलेली म्हातारी माणसं परीक्षेला बसल्यासारखी ताठ. खिडकीतली मुलगी एकच प्रश्न विचारत होती, "जन्मसाल?" आणि उत्तर ऐकून मान हलवत होती.

मिस ओपल तावातावाने पुढे गेल्या. "माझं रक्त मुरलेलं आहे, बाई! घे लिहून."

"आजी, पासष्टच्या पुढे चालत नाही."

"आधी मला आजी म्हणणं बंद कर. मग बघू काय चालतं ते."

मुलगी हसली. घेतलं नाही. एकामागून एक सगळे परत आले. शेवटी मी गेले, छाती पुढे काढून.

"अठरा पूर्ण कधी?"

"पुढच्या महिन्यात. पण माझं वजन बघा ना, कधी आजारी पडत नाही, आणि..."

"मग पुढच्या महिन्यात ये हं, राणी."

वादविवादात पहिली आलेली मी परत बाकावर जाऊन मिस ओपलच्या शेजारी बसले.

"तुमच्यात चुलतभाऊ मिळत नाहीत का गं?" इत्सेलने संध्याकाळी विचारलं. चिडवलंच होतं, पण दुसऱ्या दिवशी तिने तिचे दोन्ही भाऊ पिटाळले. गवंडीकाम करणाऱ्या चुईने रक्त दिलं आणि तसाच कामावर गेला. धाकट्याने गेल्याच महिन्यात दंडावर देवीचं चित्र गोंदवून घेतलं होतं, आणि गोंदवलं की वर्षभर रक्त घेत नाहीत, म्हणून तो बाद. म्हणजे एक पिशवी झाली, एक राहिली.

बाबांचं रक्त इन्शुलिनमुळे कोणी घेत नाही. उरली आई. वय एकोणपन्नास, तब्येत खणखणीत, इथल्याच प्राथमिक शाळेत शिकवते. मी स्वयंपाकघरात तिच्यासमोर उभी राहिले.

"आई, तू उद्या जाशील ना?"

"परीक्षा चालू आहेत. मंगळवारी जाते."

"मंगळवार! आज शुक्रवार आहे."

"खुबा आहे, ब्रिन. काही हृदय नाही." ती भांडं घासतच राहिली. मग नळ बंद केला. "आणि एक सांगू? आज स्ट्राउड, उद्या ओपल. या गावात पासष्टच्या आतले आपले लोक आहेत किती? एकदा गेले की प्रत्येकाचा फोन मला येणार. मी काय गावची विहीर आहे?"

"पण एकदा तरी..."

"मंगळवारी म्हटलं ना!"

बाबा टेबलाशी बसून होते. "माझं घेतलं असतं तर..." एवढंच म्हणाले आणि शर्ट वर करून पोटात सुई टोचून घेतली.

रविवारी मी भेटायला गेले. त्या इस्पितळात रोग्याच्या उशाशी घरच्या कोणीतरी रात्रंदिवस बसायचं असतं. घरचं कोणी नव्हतं, म्हणून मिस ओपल खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. पलंगावर मिस्टर स्ट्राउड होते तितकेही उरले नव्हते. पायाला वजन टांगलेलं, ओठ पांढरे.

"मागची सीट," ते म्हणाले. "मी कितीजणांना सांगितलं असेल गं. गुडघा, डोळा, दात. हे कोणालाच नाही सांगितलं."

"तुम्हाला तरी कुठे माहीत होतं?"

"मी म्हणायचो, कोणाच्या दारात जाणार नाही." हसायला गेले आणि खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही. "पहिलं कोणी दिलं?"

"चुईने. इत्सेलचा भाऊ."

"मी त्याला ओळखत नाही."

"तोही तुम्हाला ओळखत नाही."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मग म्हणाले, "शेवटचं पोर चढेपर्यंत मी दार लावायचो नाही. बर्फातसुद्धा. लांबून एखादं पळत येताना दिसायचं, दप्तर हेलकावतंय, एका पायात बूट नीट नाही. मागून तुझ्यासारख्या ओरडायच्या, चला, चला, उशीर होतोय! मी आपला थांबायचो."

"आई मंगळवारी येणारे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला, खरं सांगत असून.

"येईल की. मी थांबतो."

सोमवारी त्यांना ताप भरला. इतके दिवस उताणं पडून छातीत कफ साठला होता. मंगळवारी पहाटे आई उठली, चहासुद्धा न घेता तयार झाली. बुटाची नाडी बांधत असताना मिस ओपलचा फोन आला. आईने तो उभ्यानेच ऐकला, पायातली नाडी अर्धी सुटलेली. मग तिने किल्ल्या परत खिळ्याला अडकवल्या. दिवसभर काही न खाता ती शाळेत पेपर तपासत बसली, हे मला तिच्याच एका विद्यार्थ्याकडून कळलं.

पिकअपचे पैसे पुरले. त्यातच दहनही झालं. तक्रारीला जागा नव्हती, सगळं त्यांनी म्हटल्याप्रमाणेच स्वस्तात झालं. मिस ओपल त्यांचे कपडे आणायला गेल्या तेव्हा रक्तपेढीतली मुलगी म्हणाली, त्यांच्या नावावर एक पिशवी राहिलीय. मग स्वतःच म्हणाली, "जाऊ दे. आता कोण आणणार!"

पुढच्या बुधवारी मी टेबलापाशी गेले, या वेळी पैजेशिवाय. टोकाची खुर्ची कोणी घेतली नव्हती. एक नवं जोडपं आलं होतं, नवरा काठी टेकत. गुडघ्याचं विचारत होता. सगळ्यांनी मिस ओपलकडे पाहिलं.

"गुडघा," मिस ओपल म्हणाल्या, "तिथे बस. इथे मोटारसायकल आणि दोन माणसं."

"कसली माणसं?"

"पासष्टच्या आतली. आल्या आल्या ओळखी करून घ्या."

जोडप्याला हा विनोद वाटला. ती दोघं हसली. बाकी कोणी हसलं नाही.

माझा अठरावा वाढदिवस शाळेच्या दिवशी आला. आमच्याकडे केक सकाळीच कापतात. आईने पहाटे उठून तीन प्रकारच्या दुधांत भिजवलेला केक केला होता, मला सगळ्यात आवडतो तो, वर पीचच्या फोडी लावून. बाबांनी मेणबत्ती पेटवली, आपला आवाज भसाडा आहे हे विसरून गायले. मी मेणबत्ती विझवली आणि सुरी खाली ठेवली.

"मी खाणार नाही."

"आत्तापासून डाएट?" बाबा म्हणाले.

"तिथे उपाशीपोटी जायचं असतं."

आईने माझ्याकडे पाहिलं. कुठे, ते तिने विचारलं नाही.

"ब्रिन, तो माणूस गेला," ती हळूच म्हणाली. "ती पिशवी आता कोणी मागत नाहीये."

"माहितेय. म्हणून मी विचारत नाहीये, सांगतेय. शहराची बस साडेसातला आहे. आज मी शाळेत जाणार नाही, रक्त द्यायला जाणार. मिस्टर स्ट्राउडच्या नावावर. आणि इथून पुढे ज्याचा फोन येईल त्याच्यासाठी, जेव्हा जेव्हा घेतील तेव्हा तेव्हा." मी दप्तर उचललं. दारापर्यंत गेले आणि वळले. "आई, तूही अजून काही खाल्लेलं नाहीस. तू बूट घालून ये. मी ड्रायव्हरला थांबायला सांगते."