हेल्थ कोचची साखर

भोर आणि वेल्हे तालुक्यांतून मधुमेह कायमचा हद्दपार होणार, अशी ऐतिहासिक घोषणा पानशेतच्या एका रिसॉर्टमध्ये झाली. टाळ्या जरा कमी पडल्या, कारण निम्मी मंडळी दुसऱ्यांदा शिरा घ्यायला गेली होती.

घोषणा करणारे अभिषेक सर पुण्याचे. नसरापूरजवळच्या प्लास्टिकच्या डब्यांच्या एका कारखान्याने त्यांना आणलं होतं. वितळत्या प्लास्टिकचा वास हुंगत रात्रभर उभं राहून तिथले कामगार आजारी पडत. त्यावर पंखे बसवणं वगैरे जुनाट उपाय होते. पण कंपनी आधुनिक. तिने कामगारांतूनच एक हेल्थ कोच घडवायचं ठरवलं. उमेदवारांनी सोबत्यांच्या घरी जायचं, साखर सोडायचा उपदेश करायचा, फोटो पाठवायचा. शेवटच्या दिवशी घरभेटी उरकून इथेच यायचं आणि बोट टोचून घ्यायचं. कोचची स्वतःची साखर आदर्श हवी. निवड होईल त्याला कायमची दिवसपाळी.

पासलीची रत्ना आली होती ती त्या दिवसपाळीसाठी. नवरा रात्री टेम्पो चालवायचा, ती रात्री डबे भरायची आणि त्यांची लेक शेफाली रोज शेजारच्या ठकुबाईंकडे झोपायची. परवा तापात पोरीने ठकुबाईंनाच आई म्हणून हाक मारली होती. म्हणून रत्ना सरांनी दिलेला कारल्याचा रसही प्यायली. हिरवा, कोमट, वर फेस. तो घशात उतरेना आणि बाहेर थुंकायची सोय नव्हती.

"घरोघरी चहा विचारतील," सर म्हणाले. "हसायचं आणि नाही म्हणायचं. सोपं आहे."

पहिलंच घर भामाबाईंचं, म्हणजे रत्नाच्या चुलत सासूबाईंचं. रत्ना हसली आणि नको म्हणाली.

"का गं? कोच झालीस म्हंजे आमचा चहा चालंना व्हय?"

"तसं न्हाई आत्याबाई, साखर..."

"साखर घालायची ऐपत हाय आमची अजून!"

संध्याकाळपर्यंत पासलीत बातमी पसरली की रत्नाला कंपनीने चढवून ठेवलीय. पुढच्या घरांत तिने फुटाणे मागून पाहिले, लिंबूपाणी मागून पाहिलं. त्या पाण्यातही मूठभर साखर आली. पाहुणीला अगोड कोण देणार?

शेवटच्या दिवशी सकाळी ती भोरला छायाच्या घरी गेली. छाया तिच्याच लाइनवर काम करायची. बौद्ध घर, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली ताजी फुलं. छायाच्या सासऱ्यांनी, नानांनी, खुर्ची पुसून दिली. छायाने कप पुढे केला. रत्ना सवयीने हसली आणि म्हणाली, "नको, आज नकोच."

छाया कप घेऊन तशीच उभी राहिली. मग नाना सावकाश म्हणाले, "ऱ्हाऊ दे, छाया. आमच्या बापाला तुमच्या पासलीत चहा मिळायचा, पर कप गोठ्यात ठेवलेला असायचा. आता निदान नको तरी तोंडावर म्हणत्यात."

रत्नाला कानशिलात बसल्यासारखं झालं. तिने छायाच्या हातातला कप ओढून घेतला, रिकामा केला आणि म्हणाली, "नाना, आजून एक टाका. गोड टाका." उरलेल्या दोन घरांतही ती पुन्हा नको म्हणाली नाही.

दुपारी पानशेतला सरांनी तिचं बोट टोचलं. यंत्राकडे पाहून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"रत्नाताई, ही साखर? तुमच्यात निर्धारच नाही."

"सर, घरात गेल्यावर चहा..."

"कारणं नकोत. सोमनाथकडे बघा!"

सोमनाथ हा सुपरवायझरचा मेहुणा. त्याने सगळी घरं केली होती, पण मोटरसायकलवरून न उतरता. घरासमोर हॉर्न वाजवायचा, माणूस बाहेर आला की दोघांचा फोटो काढायचा आणि निघायचा. चहाचं आधण ठेवायलाही कुणाला वेळ मिळाला नव्हता. त्याची साखर अगदी चित्रात काढावी तशी आली. एवढा आदर्श कोच दोन्ही तालुक्यांत सापडणार नाही, असं सर म्हणाले, आणि ते खरंच होतं.

संध्याकाळी रिसॉर्टच्या मांडवात कंपनीचे मोठे साहेब आले. त्यांनी सोमनाथला शाल पांघरली आणि कामगाराच्या निरोगी देहावर, त्याच्या हसऱ्या कुटुंबावर बराच वेळ भाषण केलं. पुढच्या रांगेत सुपरवायझरने डोळे पुसले. ऐकणाऱ्याला मळमळावं इतकी माया त्या मांडवात दाटली होती.

"कुणाला काही बोलायचंय? मोकळेपणाने बोला," साहेब म्हणाले.

मागून रत्ना उठली आणि तिने माइक घेतला. अभिषेक सर माइक परत घ्यायला अर्धवट उठले. सुपरवायझरने मान खाली घातली.

"सायेब," रत्ना म्हणाली, "तुमची गाडी तेवढी जरा मागं घ्यायला सांगा. आमची रातपाळीची बस अडकलीया."