ठिणगी पाहून

"भाभी, फारूखभाईला तीन दिवसांच्या क्लासला पाठवा. बॅटरीच्या गाड्यांचं काम वेगळं असतं," असं शेजारचा नोमान सांगायला आला, तेव्हा अदीबानं हसून उडवून लावलं होतं. बाळ दोन महिन्यांचं होतं, आणि नवऱ्याचा हात पंधरा वर्षं मुरलेला. "उस्तादला आता शाळेत बसवू का?" ती म्हणाली होती.

छावणीतल्या आपल्या गॅरेजात फारूख दोन वायरी एकमेकींना टेकवून, ठिणगी पाहून करंट तपासायचा. बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटरवरही त्यानं तेच केलं; तिच्या मोठ्या बॅटरीतून ठिणगीऐवजी जाळच उडाला आणि उजवा तळहात भाजला.

जखम भरून महिना झाला, तरी तो कुठल्याच गाडीला हात लावायला धजत नाही. शटर बंद आहे. अदीबा बाळाला पाजते, भाकरी टाकते, त्याच्याकडं बघत राहते. तिला रडू येत नाही, रागही येत नाही. काल तिनं क्लासचा फॉर्म त्याच्यापुढं ठेवला.

"पोरांच्या शेजारी बसू म्हणतेस?"

"मी पण बसते. बाळाला अम्मी सांभाळतील."

त्यानं काही न लिहिता फॉर्म उशाखाली सरकवला.

तुमच्या ओळखीत असा जुना मिस्तरी असेल, तर आजच त्याच्याकडं जाऊन या. बॅटरीची गाडी आली की तो काय करतो, तेवढं विचारा.