शांतारामसाठी लावलेला कॅमेरा

"सूड ही साधना आहे. तिला संयम लागतो, अभ्यास लागतो आणि शत्रूवर बारीक नजर लागते," असे गोविंदरावांनी घोलवडच्या आपल्या ओट्यावर जाहीर केले आणि बायकोला विचारले, "माझा चष्मा कुठेय?"

"शांतारामभाऊंकडे," विजयमालाबाई म्हणाल्या. "काल भांडायला गेलात, तेव्हा त्यांच्याच ओट्यावर काढून ठेवलात."

शत्रूच्या घरी चष्मा मागायला जाणे शक्य नव्हते. गोविंदराव बायकोचा चष्मा लावून कामाला बसले.

भांडणाचे मूळ ओरखड्यांत होते. चिकू तयार झाला की नाही, हे नखाने साल जरा खरवडून बघतात; खाली हिरवे निघाले तर तो अजून कच्चा. गोविंदरावांच्या वाडीतल्या कुंपणाकडच्या झाडावरचे चिकू कोणीतरी रोज असे खरवडून ठेवत होते. गावचे चिकू घेणाऱ्या परेशच्या पॅकिंग शेडने त्या ओरखड्यांपायी गोविंदरावांचा माल सगळ्यांदेखत परत पाठवला. कुंपणापलीकडे वाडी शांतारामची. गोविंदरावांनी दुसरा आरोपी शोधलाच नाही. शांतारामने त्याच शेडमध्ये उभे राहून माफी मागावी, एवढीच त्यांची इच्छा होती. रडत मागितली तर उत्तम.

रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी झाल्यामुळे, वायर दिसली की ती आपल्याला कळते, असा त्यांचा समज होता. जुना कॅमेरा त्यांनी झाडासमोरच्या खांबावर चढवला, त्याची वायर व्हिडिओ सर्व्हर नावाच्या डबीत खुपसली आणि डबी इंटरनेटला जोडली. मग कॉम्प्युटरवर डबीचा नंबर टाकताच तिचे पान उघडले. पानावर समोरच झाड दिसत होते. माउसने त्यांनी झाडाभोवती चौकोन ओढला; चौकोनात काही हलले की कडा लाल होणार. आधी पान हलले तरी लाल, कावळा बसला तरी लाल. त्यांनी सेन्सिटिव्हिटी कमी करत करत नेमकी शांतारामच्या अंगकाठीवर आणून ठेवली.

शेवटी प्रश्न आला: पासवर्डशिवाय कोणालाही बघू द्यायचे का?

"कोणालाही कशाला?" विजयमालाबाईंनी विचारले.

"बेअब्रू काय एकट्याने बघायची असते?" गोविंदरावांनी 'हो'वर खूण केली आणि लिंक गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडली. सोबत संदेश: 'उद्या सकाळी चोर लाइव्ह. सर्वांनी बघावे.'

सकाळी सगळे घोलवड चहाचा कप आणि मोबाइल घेऊन बसले. गोविंदरावांना मात्र घरात दम निघेना. ते वाडीत शिरले आणि त्यांनी परेशला फोन लावला.

"परेश, बघतोयस ना? आज सोडायचा नाही त्याला."

"बघतोय काका. चौकोन लाल झालाय. आलाय तो."

"आला? कुठाय?"

"झाडाखालीच. पांढरी बनियन."

गोविंदराव चटकन खोडाआड झाले. "आता?" त्यांनी कुजबुजत विचारले.

"आता खोडाआड लपलाय."

"लबाड! करतोय काय?"

"एका हाताने फोन धरलाय. दुसऱ्या हाताने चिकू खरवडतोय."

"बघ! मी म्हणत होतो की नाही? आता तोंड कुठे लपवेल?"

"काका," परेश जपून म्हणाला, "जरा तुमच्या अंगठ्याकडे बघा."

गोविंदरावांनी बघितले. नखात हिरवे होते. समोरच्या डहाळीवरचे सगळे चिकू ताजे खरवडलेले होते. गेला महिनाभर ते रोज इथेच उभे राहून फोनवर बोलत होते, पुढेपुढे तर शांतारामच्या नावाने शिव्या देत. हात आपले काम करत होता.

ते घरी आले आणि दार लावून बसले. दुपारपर्यंत ग्रुपवर कोणी काही लिहिले नाही, आणि तेच जास्त झोंबत होते. दुपारी कडी वाजली. दारात शांताराम उभा होता.

"गोविंदभाऊ, तुमचा चष्मा."

गोविंदरावांनी चष्मा घेतला. "बघितलंत ना सकाळी?"

"बघितलं. चित्र काय स्वच्छ येतं हो."

"हसा ना मग! बोला काय बोलायचं ते. ऐकून घेतो."

"बोलायचं म्हणजे..." शांताराम घुटमळला. "कॅमेरा जरा डावीकडे वळवाल का? माझी पाण्याची मोटर चालू आहे की बंद, ते घरबसल्या दिसेल."